मागच्या सीटबेल्टचा बोल्ट सैल ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
सेवा व्यवस्थापक

विषय: सीट परत बसवताना सीटबेल्ट चुकीचा जोडल्याबाबत

महोदय,

पावसाचं पाणी शिरून कार्पेट भिजलं म्हणून जुलैमध्ये गाडी तुमच्या सर्व्हिस सेंटरला दिली होती. मागची सीट काढून कार्पेट वाळवलं आणि तिसऱ्या दिवशी गाडी परत दिलीत. वास पूर्ण गेला होता, ते काम चांगलं झालं.

पुढच्या रविवारी आम्ही फोंड्याहून चोर्ला घाटमार्गे बेळगावला निघालो. साखळी सोडल्यावर मागे डावीकडे बसलेली माझी १२ वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, पट्टा पिळलाय, मानेला टोचतो." क्लिप उलटी करून लाव म्हटलं, तरी पीळ जाईना. घाट लागण्याआधी केरीला गाडी बाजूला घेतली. पट्ट्यावरून हात फिरवत खाली गेलो, तर पीळ अगदी तळाशी होता. पट्ट्याच्या टोकाची लोखंडी पट्टी जिथे बोल्टने गाडीच्या पत्र्याला बसते, तिथे ती उलटी लावली होती. बोल्टाला हात लावला, तर तो दोन बोटांनी फिरला. पाना लागलाच नाही. माझ्या हातापायांतलं बळ गेलं. मुलीला दुसऱ्या बाजूला बसवून तिथूनच मागे फिरलो.

तुमच्याकडे फोन केला, तर उत्तर मिळालं, "पट्टा झटक्याने ओढून बघा. लॉक होतो ना? मग बेल्ट ठीक आहे." लॉक होत होता. पण लॉक होतं ते पट्टा गुंडाळणारं वरचं रीळ. खालचं टोक पत्र्यातून निसटलं, तर वरच्या लॉकचा काय उपयोग? शिवाय पावणेपाच सेंटीमीटर रुंदीचा पट्टा पिळला की दोरीसारखा होतो, आणि अपघाताचा सगळा जोर छातीवरच्या तेवढ्याच अरुंद जागेवर येतो. तुमच्या माणसाला हे माहीत नसेल, तर त्याच्या हातात सीट काढायचं काम देऊ नका.

फोंड्यातल्या आमच्या मेकॅनिकने गादी उचलली. बोल्टाचा वॉशर कार्पेटवर सुटा पडला होता. त्याने बोल्ट काढून आटे तपासले, पट्टा सरळ केला, बोल्ट आधी हाताने आणि मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या मापाने आवळला. बाकीचे बेल्टही तपासले. वीस मिनिटांचं काम.

मागे बसणाऱ्यानेही बेल्ट लावलाच पाहिजे, नाहीतर १,००० रुपये दंड आहे. आमच्या घरी दंडासाठी नव्हे, जीव वाचावा म्हणून लावतात. मुलगी तर गाडी सुरू होण्याआधी लावते, तिचा त्या पट्ट्यावर विश्वास आहे.

या पावसाळ्यात ज्यांच्या सीट काढल्या, त्या सगळ्या ग्राहकांना आधी फोन करून बोलवा आणि खालचे बोल्ट फुकट तपासून द्या. माझ्या पैशांचं नंतर बघू. यापुढे सीट काढली की कोणता बोल्ट कोणी आवळला, ते सहीसकट जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर लिहा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाईन.

जॉब कार्डची प्रत आणि केरीला काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. वॉशर माझ्याकडे ठेवला आहे.

आपला,
एक ग्राहक, फोंडा