ताबा कोणाकडे ते ठरलं, डब्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आई-बाप विभक्त, दोघांचे धर्म वेगळे आणि मुलाचा ताबा कोणाकडे यावरून वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात झगडा, अशा बातम्या आपल्या अंकात अधूनमधून वाचते. ‘ताबा आईकडे’ किंवा ‘ताबा वडिलांकडे’ इथे बातमी संपते. मी मध्य मुंबईतल्या एका शाळेच्या कार्यालयात ३१ वर्षं कारकुनी केली. आमच्याकडे प्रकरण सुरू व्हायचं ते त्यानंतर.

एक मुलगा आठवतो. आई लालबागची हिंदू, वडील उपनगरातल्या एका गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचेच मूळ रहिवासी असलेले ख्रिस्ती. दोघं मराठीच बोलायचे, भांडायचेही मराठीतच. मुलगा चौथीत असताना वेगळे झाले. ताबा आईकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे, गणपतीत आईकडे, नाताळात वडिलांकडे, असं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या अटींत, लिहिलेलं. पण श्रावणी सोमवारचं काय, हे त्यात नव्हतं. रविवारी रात्री वडिलांकडे राहून मुलगा सोमवारी तिथूनच शाळेत यायचा, डब्यात सुकट नाहीतर बोंबलाची चटणी. संध्याकाळी डबा आईच्या हाती जाणार. म्हणून मधल्या सुट्टीत तो डबा पोरांत वाटून टाकायचा आणि आमच्या शिपाईबाईंकडून साबणाची वडी मागून नळावर घासत बसायचा. नऊ वर्षांचं पोर. बाईंनी मला सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं, त्याची आज लाज वाटते.

त्याच वर्षी दोन अर्ज आले. आईचा: शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कायम नोंदवहीत, मुलाचा धर्म ‘हिंदू’ करावा. वडिलांचा: मुलाचा बाप्तिस्मा झालेला आहे, सोबत दाखला जोडला आहे, नोंदीला हात लावू नये. दोघांनीही न्यायालयाच्या आदेशाची झेरॉक्स जोडलेली. आदेशात धर्माबद्दल एक ओळ नव्हती. जनरल रजिस्टरमधली नोंद कुणाच्या साध्या अर्जावर खोडता येत नाही, शिक्षण निरीक्षकांची मंजुरी लागते, हे मी दोघांनाही सांगितलं. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे अशी दोघांचीही खात्री पटली.

कायद्याने याचा विचारच केलेला नाही असं नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम १७ मुलाचं वय, लिंग आणि धर्म लक्षात घ्या म्हणतं, पण मुलाचं हित पाहूनच ठरवा, असंही म्हणतं. १९५६ चा हिंदू अज्ञान (म्हणजे वयात न आलेलं मूल) व पालकत्व कायदा हिंदू धर्म सोडलेल्याला नैसर्गिक पालक म्हणून काम करू देत नाही, आणि तोच कायदा कलम १३ मध्ये मुलाचं हित सर्वांत वर ठेवतो. मुलं ही आई-बापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ सालीच बजावलं आहे. तत्त्व पक्कं आहे. पण ते सोमवारच्या डब्यापर्यंत पोचत नाही.

मुंबईला हे नवं नाही. १८४३ साली नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडेच राहिला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी इथल्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. खरी कठीण वेळ पुढेच आली. परत आलेल्या मुलाला जातीत घ्यायचं की नाही यावरून शहरात रण माजलं. प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. मुलगा घरी गेला, पण घरात त्याला पंगतीला कुठे बसवणार, हे कोर्टाच्या कागदावर नव्हतं.

मलेशियात एम. इंदिरा गांधी (हो, नाव हेच) यांच्या तिन्ही मुलांचं वडिलांनी २००९ मध्ये आईला न विचारता इस्लाममध्ये धर्मांतर केलं. मुलांच्या धर्मांतराला आई आणि वडील दोघांचीही संमती हवी, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये ठरवलं. वडिलांनी नेलेली धाकटी लेक मात्र निकालाच्या दिवशीही आईजवळ नव्हती.

हे फक्त आंतरधर्मीय लग्नातच होतं असंही नाही. दोघंही हिंदू, पण वेगळं झाल्यावर एक जण कुठल्याशा बाबांच्या नादी लागला आणि मुलीचा कांदा-लसूण बंद झाला, सहलीला जाताना तशी लेखी चिठ्ठी आली, हेही मी पाहिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच की अशा प्रकरणात आदेश किंवा कन्सेंट टर्म्स लिहिताना हे बारीकसारीक लिहावं. खाणं-पिणं, उपास, प्रार्थना कुठल्या घरी कशी. बाप्तिस्मा, सुंता, मुंज यांसारखं काही एकट्याने परस्पर उरकायचं नाही. शाळेच्या नोंदीतलं नाव आणि धर्म न्यायालयाच्या परवानगीशिवाय बदलायला जायचं नाही. न्यायालयाने लोकांच्या स्वयंपाकघरात शिरू नये, असं वकील मंडळी म्हणतील. पण मुलाला कुठल्या स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी किती वाजता सोपवायचं, हे आपण लिहितोच की. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक आहेत, त्यांना हे विचारून घेता येईल. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलतात, तेव्हा ‘तुला कुठला देव आवडतो’ हे विचारूच नये. मधल्या सुट्टीत काय करतोस, ते विचारावं.

आणि आदेशाचा शाळेपुरता भाग, बाकीचं खासगी वगळून, न्यायालयाने प्रमाणित प्रतीत थेट मुख्याध्यापकांकडे पाठवावा. आमच्याकडे यायच्या त्या झेरॉक्स. आईच्या प्रतीत तिसरं पान नसायचं आणि वडिलांच्या प्रतीत पाचवं.

– एक निवृत्त शाळा कर्मचारी, परळ, मुंबई