सर्व्हरची वही लिहून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपली भेट अजून झालेली नाही. तुम्ही नागपूरला, मी सांगलीला, आणि मध्ये आपल्या मराठी फॉन्ट आणि शब्दसूचीच्या मुक्तस्रोत प्रकल्पाचा तो एक सर्व्हर. तीन वर्षं तो मी एकट्याने सांभाळला. काय कुठे आहे ते सगळं माझ्या डोक्यात होतं, कागदावर उतरवायला सवड मिळाली नव्हती. ते काम तुम्ही केलंत. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण कोड लिहिणाऱ्यांची नावं यादीत येतात, अशा कामाची मात्र कुठे नोंदच राहत नाही.

सुरुवात तुमच्या निरोपाने झाली. "मला अजून जुनीच आवृत्ती मिळतेय." मी लगेच कळवलं, "माझ्याकडे बरोबर दिसतंय." तुम्ही तिथेच थांबला असतात तर मीही विषय सोडून दिला असता. पण तुम्ही घरच्या वायफायवरून तपासलंत, मोबाइलच्या नेटवरून तपासलंत, कर्ल (आदेश देऊन पान मागवणारं साधन) एकदा फक्त आयपीव्ही४ वर आणि एकदा फक्त आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या आणि नव्या पत्तापद्धतीवर, चालवून दोन्ही निकाल शेजारी-शेजारी ठेवून पाठवलेत. एका वाटेने नवा सर्व्हर, दुसऱ्या वाटेने जुना! नव्या मशीनवर येताना मी डीएनएसमधली, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या सूचीतली, ए नोंद (आयपीव्ही४ चा पत्ता) बदलली होती, क्वाड-ए (आयपीव्ही६ चा पत्ता) तशीच राहिली होती. माझ्या घरच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही६ नाहीच, त्यामुळे इथे बसून मला ते कधी दिसलंच नसतं. जुनं मशीन बंद करायचं राहून गेलेलं, ते येईल त्याला जुन्या फायली देत होतं.

त्याच धाग्यावरून दुसरी, जास्त गंभीर गोष्ट हाती लागली. साइटची ओळख पटवणारं आपलं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं, तेव्हा ९० दिवसांचं होतं. नव्या मशीनवर मी ते जुन्यावरून उचलून आणलं होतं, म्हणून ब्राउझरमधलं कुलूप व्यवस्थित दिसत होतं. पण नूतनीकरणाच्या वेळी क्वाड-ए नोंद असली की त्यांची तपासणी आधी आयपीव्ही६ नेच येते. ती जुन्या मशीनवर जायची, हवी ती फाइल तिथे नसायची. सर्टबॉट, म्हणजे नूतनीकरण आपोआप करणारा प्रोग्रॅम, रोज दोनदा प्रयत्न करून लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) अपयश लिहीत होता आणि तो लॉग मी उघडत नव्हतो. मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केलं, म्हणजे तिकडूनही कोणी हाक मारली नसती. तुमचा निरोप आला तेव्हा ११ दिवस उरले होते.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. ती झाल्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, आता सगळं सांगा, मी लिहून घेते." मग सहा रविवार फोनवर. एन्जिनएक्सच्या, म्हणजे पानं देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगची प्रत्येक ओळ, फायरवॉल, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), बॅकअप, आणि प्रत्येक ठिकाणी तुमचा एकच प्रश्न, "हे असं का?" सगळं सुरक्षित एचटीटीपीएसवर असताना साध्या एचटीटीपीचं दार, म्हणजे पोर्ट ८०, उघडं का, या प्रश्नावर मी "असू दे, लागतं" म्हणालो. तुम्ही सोडलं नाहीत. वहीत शेवटी असं आलं: "पोर्ट ८० बंद करू नये. प्रमाणपत्राची तपासणी याच दारातून येते. बंद केल्यास लगेच काहीच बिघडणार नाही, पुढच्या नूतनीकरणाला बिघडेल." हे तीन वर्षं मला माहीत होतं, पण इतकं स्वच्छ मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पासवर्ड मात्र वहीत एकही नाही. ते कुठे ठेवलेत आणि कोणाकडे मागायचे, एवढंच आहे.

आणि मग तुम्ही जे केलंत ते मला सुचलंच नसतं. एक कोरं व्हर्च्युअल मशीन घेतलंत आणि मला फोन न करता, फक्त वही वाचून सगळा सर्व्हर पुन्हा उभा केलात. चार ठिकाणी अडलात. त्यातली एक अडचण तर माझीच चूक होती. मी सर्ट.पेम (फक्त आपल्या प्रमाणपत्राची फाइल) सांगितलं होतं, हवं होतं फुलचेन.पेम (मधल्या प्रमाणपत्रासकट). ब्राउझरमध्ये पान उघडलं, कर्लने नकार दिला, कारण आपलं प्रमाणपत्र मूळ प्रमाणपत्राशी जोडणारं हे मधलं प्रमाणपत्र सर्व्हर देतच नव्हता. चारही जागा दुरुस्त करून तुम्ही दुसऱ्या रविवारी पुन्हा कोऱ्या मशीनपासून सुरुवात केलीत. त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी सगळं उभं राहिलं.

गेल्या महिन्यात बाबांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या रात्री सर्व्हरची डिस्क भरली आणि साइट बंद पडली. वॉर्डात फोन बंद ठेवला होता, मला पत्ताच नाही. सकाळी बाबांचा चहा आणायला खाली आलो तेव्हा लातूरच्या आपल्या त्या कॉलेजच्या मुलाचा निरोप दिसला, पहाटे २.४० चा: "वही, पान ९ प्रमाणे जुने लॉग काढले. बाहेरून दोन्ही वाटांनी तपासलं, चालू आहे. तुम्ही काकांकडे बघा."

चहा घेऊन मी परत वर गेलो. लॅपटॉप उघडावा लागला नाही.

तुमचा,
सांगलीचा दादा