वीज पडण्याआधीचा अर्धा तास: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: मराठवाड्यातले वीजबळी आणि इशारा यंत्रणेची मांडणी

महोदय,

स.न.वि.वि.

वीज पडून माणूस दगावला की तुमचा विभाग वारसांना ४ लाख रुपये देतो. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत वीज नसताना महाराष्ट्राने ती राज्यपातळीवरची आपत्ती मानली, म्हणून हे पैसे मिळू लागले. दुभती म्हैस गेली तर ३७,५०० आणि बैल गेला तर ३२,००० हेही ठरलेले आहे. मरणानंतरच्या कामाला नमुना आहे, पंचनामा आहे, सही करणारा अधिकारी आहे. मरणाआधीच्या अर्ध्या तासाला यातले काहीच नाही. तो अर्धा तास कोणाच्या टेबलावर आहे, हे विचारायला हे पत्र लिहितो आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात विजेने २,८८७ माणसे गेल्याची नोंद आहे. त्याआधीच्या दोन वर्षांतही आकडा अठ्ठावीसशेच्या वरच होता. पूर आणि वादळाची बातमी पहिल्या पानावर येते. वीज एकेका शेतात, एकेका झाडाखाली मारते, म्हणून ती तालुका पानावर दोन इंचांत संपते. मराठवाड्यात एप्रिल-मे-जूनमध्ये आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बहुतेक वेळा दुपारी तीन ते संध्याकाळी सात या वेळेत, अशा बातम्या येत राहतात. औसा, गंगाखेड, किनवट, भोकरदन. नावे बदलतात, मजकूर तोच.

मी वाळूजच्या एका कारखान्यात वाहनांच्या ब्रेक यंत्रणेच्या सुरक्षा चाचण्यांचे काम करतो. घरची शेती रेणापूर तालुक्यात, सोयाबीन आणि तूर. आमच्या कामाला सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, रीत साधी आहे. शेवटी नेमके काय घडायला हवे ते आधी लिहायचे, मग तिथून मागे येत येत यंत्र, माणूस, रस्ता, वेळ असा प्रत्येक दुवा तपासायचा, आणि प्रत्येक दुवा कधी ना कधी तुटणार हे धरून चालायचे.

याचे उदाहरण शोधायला मुंबईलाही जायला नको. मनमाड-मुदखेड हा रेल्वेमार्ग संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड असा आमच्या दारावरून जातो, आणि देशात ‘कवच’ प्रणाली ज्या मार्गांवर आधी बसली त्यांत हा मार्ग आहे. लाल सिग्नल दाखवला की आपले काम झाले, असे कवच मानत नाही. चालकाला धुक्यात सिग्नल दिसला नसेल, त्याचा डोळा लागला असेल, हे ती गृहीत धरते आणि त्याने ब्रेक लावला नाही तर स्वतः लावते. विजेच्या बाबतीत आपण सिग्नल दाखवण्यापर्यंत आलो आहोत आणि तिथेच थांबलो आहोत.

सिग्नल मात्र चांगला आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभे केले आणि ‘दामिनी’ अ‍ॅप दिले. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा पडत असतील तर ते सांगते. शास्त्रज्ञांनी त्यांचा वाटा उचलला आहे. आता तो सिग्नल आमच्या शेतात आणून बघा.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, दुपारचे तीन. सोयाबीन काढणीची टोळी, दहा-बारा बाया आणि एक मुकादम, गावापासून अडीच किलोमीटरवर. ढग ताशी ३५ किलोमीटरने सरकतो आहे असे धरू. २० किलोमीटरवर वीज पडल्याचे कळले तर हातात ३४ मिनिटे आहेत असे वाटते. पण वीज ढगाच्या पुढे दहा किलोमीटरवरही पडू शकते. ते दहा किलोमीटर वजा केले की उरतात १७ मिनिटे. चिखलाच्या वाटेने अडीच किलोमीटर चालायला अर्धा तास लागतो. म्हणजे २० किलोमीटरचा इशारा या टोळीच्या उपयोगाचा नाही. ४० किलोमीटरवर कळले तर ५१ मिनिटे मिळतात. त्यातला अर्धा तास चालण्याचा. उरली साधारण वीस मिनिटे. पुण्यातल्या संगणकापासून मुकादमाच्या कानापर्यंत, आणि मुकादमाने ‘उठा’ म्हणण्यापर्यंत, सगळे या वीस मिनिटांत बसले पाहिजे. हा हिशोब कोणत्याही शासकीय कागदावर मला दिसलेला नाही, आणि तो केल्याशिवाय पुढचे काहीच नीट ठरवता येत नाही.

आज इशारा कसा येतो? हवामान खात्याचा तातडीचा अंदाज जिल्ह्याच्या नावाने येतो. बीड जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. आष्टी एका टोकाला, परळी दुसऱ्या. ‘बीड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस’ हे वाक्य खरे असते आणि आष्टीतल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. चार दिवस पिवळा इशारा आणि डोक्यावर कडक ऊन, मग पाचव्या दिवशी कोण ऐकणार? तो संदेश जिल्हा नियंत्रण कक्ष, तहसील, तलाठ्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असा उतरतो. वीस मिनिटे तिथेच संपतात. दामिनी थेट फोनवर येते हे खरे, पण त्यासाठी स्मार्टफोन हवा, डेटा हवा, लोकेशन चालू हवे. खुरपणाऱ्या बाईचा फोन असला तर साधा बटणांचा असतो, आणि तो बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या पिशवीत असतो.

त्यात एक गोष्ट अशी, जी इंजिनिअरला लगेच खटकते आणि कार्यालयात बसून सुचत नाही. ज्या वादळाचा इशारा द्यायचा तेच वादळ इशाऱ्याची वाट तोडते. वारा सुटला की महावितरणचा फीडर बंद होतो, तासाभरात टॉवरची बॅटरी मान टाकते, ग्रामपंचायतीचा भोंगा मुका होतो. एका कारणाने सगळे दुवे एकदम तुटणार असतील तर दुवे कितीही जोडा, उपयोग नाही. म्हणून एक तरी वाट महावितरणच्या पुरवठ्यावर न चालणारी हवी: बॅटरीवरचा भोंगा, नाहीतर चक्क हाताने फिरवायचा सायरन. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले होते, ती सेल ब्रॉडकास्टची, म्हणजे टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदम संदेश सोडण्याची, चाचणी. त्याला अ‍ॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही. ते तंत्र विजेसाठी जिल्ह्याऐवजी महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) पातळीवर, ढगाच्या वाटेतल्या टॉवरांपुरते वापरले तर दहा मिनिटे तरी वाचतील. मुकादम आणि टोळीला आणणारा पिकअपवाला यांचे नंबर गावात सगळ्यांकडे असतात. शासनाकडेच नसतात.

समजा, हे सगळे जमले आणि इशारा वेळेत पोहोचला. तरी माणूस निवाऱ्याकडेच जाईल असे कोणी सांगितले?

आभाळ भरून आले की आमच्याकडे माणसे शेताकडे धावतात. काढलेल्या सोयाबीनची बनीम (रचलेला ढीग) उघडी असते, ताडपत्री घरी असते. हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये आहे; दहा क्विंटलची बनीम भिजली तर ५३ हजारांचा माल डागी होतो, मोड फुटतात, आडत दुकानात भाव पडतो. वर्षाची उधारी त्या ढिगावर उभी असते. म्हणून बाप आणि पोरगा मोटारसायकलवर ताडपत्री टाकून निघतात, आणि नेमके सगळ्यात वाईट वेळी उघड्या रानात, माळावर, ढिगावर चढून दोर आवळत असतात. ‘विजेची शक्यता, घराबाहेर पडू नका’ या संदेशातले ‘पाऊस येतोय’ एवढेच त्यांना ऐकू येते. तो संदेश त्यांना रानात पाठवतो. तुमच्या इशारा यंत्रणेत कुठेही ताडपत्री नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच आहे.

इथे संवेदक काही करू शकत नाही. काढणीच्या दिवसापासून बनीम झाकलेली राहील अशी सोय हवी. ताडपत्रीवर कृषी विभागाच्या योजनांतून अनुदान मिळते, पण ते सप्टेंबरच्या आधी हातात पडले तर उपयोग. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला नियमित निघतो; त्यात ‘काढलेले पीक झाकून ठेवा’ असते. त्यात ‘दुपारी दोनच्या आत झाका, नंतर जाऊ नका’ एवढी वेळ घाला. आणि काढणीनंतर भिजलेल्या सोयाबीनची भरपाई खरोखर मिळते असा अनुभव दोन हंगाम आला, तर बाप पोराला ‘राहू दे’ म्हणेल. पीकविमा आणि वीजबळी ही दोन खाती मंत्रालयात वेगळ्या मजल्यांवर असतील. रेणापूरच्या शेतकऱ्याच्या डोक्यात ती एकच आहेत.

निवाऱ्याचे थोडक्यात सांगतो. झाडाखाली थांबणे म्हणजे झाडावरच्या विजेला आपल्या अंगातून उडी मारायची सोय करून देणे. आमच्याकडचे आखाडे, म्हणजे शेतातली छपरे, बहुतेक चार लाकडी मेढी आणि वर पत्रे असे असतात. ते उन्हापासून वाचवतात, विजेपासून नाही. चार भिंतींचे पक्के बांधकाम किंवा बंद काचांची जीप, पिकअपची केबिन चालते. ट्रॅक्टरची उघडी सीट चालत नाही. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, माणसे मेली ती माळवदांखाली (मातीच्या जड छतांखाली) आणि दगडमातीच्या भिंतींखाली. तेव्हा शासन भूकंपमापक वाढवून थांबले नाही. ५२ गावे नव्या जागी पुन्हा बांधली. म्हणजे निवाऱ्याला हात घालणे या सरकारला आणि या भागाला नवे नाही. मोठ्या शिवारात एक-दोन पक्क्या खोल्या, नीट अर्थिंग केलेल्या, रोजगार हमीतून किंवा आणखी कशातून, बांधता येतील.

आता वीज अटकाव यंत्रांबद्दल, कारण गावोगावच्या पुढाऱ्यांना तीच सर्वांत प्रिय. उंच खांब, वर चकचकीत टोक, खाली उद्घाटनाची पाटी. विक्रेते शंभर-शंभर मीटर त्रिज्येच्या संरक्षणाचा दावा करतात. भारतीय मानक आयएस/आयईसी ६२३०५ असा दावा मान्य करत नाही. त्यात संरक्षणाचे क्षेत्र धातूच्या प्रत्यक्ष उंचीवरूनच काढतात. दहा मीटरच्या खांबाखाली जमिनीवर साधारण तेवढ्याच त्रिज्येचा भाग सुरक्षित धरावा, असा जुना ढोबळ नियम आहे. म्हणजे शाळा वाचेल. शिवार नाही. त्यातही अर्थिंग मे महिन्यात मोजायला हवे, कारण काळी माती तेव्हा हातभर भेगाळलेली असते आणि मुरमाड माळावर तर ओल कधीच नसते. पावसाळ्यात मोजलेला अर्थिंगचा रोध फसवा असतो. आणि डीपीतले (रोहित्रातले) तांबे जिथे चोरीला जाते तिथे खांबाची तांब्याची पट्टी कशी टिकेल? पट्टी तुटलेला खांब नसलेल्या खांबापेक्षा धोक्याचा. किती खांब बसवले याचा आकडा विधिमंडळात मिळेल. गेल्या मे महिन्यात किती खांबांचे अर्थिंग मोजले, तो आकडा मागून बघा.

जायकवाडीच्या कालव्याखालचा शेतकरी हेडला (कालव्याच्या तोंडाशी) किती पाणी सोडले ते विचारत नाही, टेलला (शेवटाला) किती आले ते विचारतो. इशाऱ्यांचेही तसेच मोजा. ‘इतके लाख संदेश पाठवले’ हा हेडचा आकडा आहे. टेलचा आकडा काढायचा तर चाचणी शेतात करावी लागेल. एखाद्या कोरड्या दिवशी, आधी न सांगता, पुण्यातून खोटा इशारा सोडा आणि दोन शिवारांत घड्याळ घेऊन माणसे बसवा. किती मिनिटांनी कोणाला कळले, किती जण उठले, कुठे गेले. आमच्या कारखान्यात असे केल्याशिवाय एकही ब्रेक बाहेर पडत नाही.

मागणी मोठी नाही. मराठवाड्यातला एक तालुका घ्या. त्या वीस मिनिटांचा एकच धनी ठरवा, नाव आणि मोबाईल नंबरासह. समिती नको, समितीला कोणी रात्री फोन करत नाही. पुढच्या सोयाबीन काढणीआधी तिथे मंडळनिहाय सेल ब्रॉडकास्ट, बॅटरीवरचा भोंगा, मुकादम-पिकअपवाल्यांची यादी आणि वेळेवर ताडपत्री एवढे एकत्र करून बघा.

आणि एक काम आजच करता येईल. वीजबळीचा पंचनामा सध्या भरपाईपुरता होतो: मयत कोण, वारस कोण, शवविच्छेदन झाले का. त्यात आणखी काही प्रश्न घाला. माणूस नेमका कुठे होता, झाडाखाली, बांधावर, बनीमीवर? तिथे का गेला होता? इशारा निघाला होता का, किती वाजता? तो त्याच्यापर्यंत आला का, कशावर? जवळचा पक्का निवारा किती अंतरावर होता? विमान पडले की असे प्रश्न वर्षभर विचारले जातात. आमच्या माणसांसाठी तलाठ्याची पंधरा मिनिटे पुरतील. ही उत्तरे दरवर्षी मार्चमध्ये जिल्हावार जाहीर करा, म्हणजे पुढचा भोंगा कुठे आणि पुढची खोली कुठे, हे आमदारांच्या पत्रावर ठरणार नाही. नमुना बदलायला विधेयक लागत नाही, निधी लागत नाही. तुमच्या विभागाचे एक परिपत्रक पुरते.

आपला,
एक अभियंता आणि सोयाबीन उत्पादक
ता. रेणापूर, जि. लातूर