निश्चित केलेली पाहुण्यांची खोली ऐन वेळी रद्द करून आई-वडिलांची परवड केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
विद्यार्थी निवास कंपनी

विषय: पाहुण्यांच्या खोलीचे निश्चित आरक्षण रद्द करणे, गैरसोयीची पर्यायी खोली देणे आणि त्यानंतर माझ्या अनामत रकमेतून दंड कापणे याबाबत.

महोदय / महोदया,

पदव्युत्तर शिक्षणाला सुरुवात झाल्यापासून मी आपल्या कंपनीच्या विद्यार्थी निवासात भाड्याने राहते. सत्रपरीक्षेनंतरच्या सुट्टीत माझे आई-वडील मला भेटायला येणार होते. माझ्या खोलीत एकच पलंग आहे आणि खोलीत पाहुणा मुक्कामाला ठेवण्यावर आपल्या नियमांचे बंधन आहे. म्हणून आपण विद्यार्थ्यांच्या घरच्यांसाठी राखून ठेवलेल्या खोल्यांपैकी, मी राहते त्याच इमारतीतली तळमजल्यावरची खोली मी काही महिने आधी पूर्ण पैसे भरून घेतली. अर्जात मी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांना जिना चढता येत नाही आणि आईला इन्सुलिन चालू असल्याने खोलीतच फ्रीज लागेल. या दोन्ही गोष्टींची नोंद घेतल्याचे आणि आरक्षण निश्चित झाल्याचे आपले पत्र मला मिळाले. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

त्या पत्रावर पुढे काय काय अवलंबून होते, ते आपल्या विभागाने एकदा नीट पाहावे अशी माझी विनंती आहे. घरच्यांना परदेशात बोलवायचे तर ते कुठे उतरणार हा प्रश्न पहिल्या कागदापासून येतो. युरोपातील शेंगेन देशांच्या (सामायिक व्हिसा असलेल्या देशांच्या) २००९ च्या व्हिसा संहितेत निवासाविषयीची कागदपत्रे मागितलेली आहेत आणि कॅनडात पाहुण्यासाठी द्यायच्या निमंत्रणपत्रातही तो कुठे राहणार हे लिहावे लागते. आपली कंपनी परदेशी विद्यार्थ्यांच्या निवासाचाच व्यवसाय करते, त्यामुळे हे सारे आपल्या रोजच्या कामातले आहे. माझ्या आई-वडिलांच्या व्हिसाच्या अर्जाला आपलेच पत्र जोडलेले होते, माझ्या निमंत्रणपत्रात आपल्याच इमारतीचा पत्ता होता आणि तिकिटे काढताना व प्रवास विमा घेताना तोच पत्ता दिलेला होता. व्हिसा हाती आल्यावरच आम्ही तिकिटे काढली आणि ती परत करून पैसे मिळणार नव्हते.

असे असताना, त्यांच्या निघण्याच्या आदल्या आठवड्यात, माझी परीक्षा चालू असताना, ‘व्यवस्थापकीय कारणास्तव’ आरक्षण रद्द करण्यात येत असल्याचा दोन ओळींचा ई-मेल आपल्या विभागाकडून आला. त्यात कारण नव्हते, दिलगिरी नव्हती आणि पर्यायी खोलीचा उल्लेखही नव्हता. मी फोन केला तेव्हा दुसऱ्या इमारतीत सोय होईल एवढेच सांगण्यात आले, मात्र कोणती इमारत आणि कोणता मजला हे आई-वडील विमानात बसेपर्यंत कोणीही लेखी दिले नाही. परदेशात उतरल्यावर प्रवेशाच्या खिडकीवर अधिकारी कुठे राहणार हे विचारतात, आणि माझ्या आई-वडिलांजवळच्या प्रत्येक कागदावर जो पत्ता होता तिथे त्यांच्यासाठी खोलीच उरलेली नव्हती. सत्तरीच्या घरातल्या, पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेल्या दोन माणसांना मी फोनवर काय सांगायला हवे होते? जुना पत्ता सांगितला तर ते असत्य ठरणार होते आणि नवा पत्ता मला आपण दिलेला नव्हता. त्या रात्री अभ्यासाची पुस्तके तशीच मिटून मी आपल्या मदत क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन लावत बसले होते, आणि दर वेळी नवी व्यक्ती फोन घेऊन मला पहिल्यापासून सगळे सांगायला लावत होती.

खोली नादुरुस्त असती, पाणी गळत असते किंवा आगीचा धोका असता, तर मी हे पत्र लिहिले नसते. परंतु त्याच दिवसांत त्या खोल्या सुट्टीत भरलेल्या एका परिषदेच्या प्रतिनिधींना दिलेल्या होत्या. स्वागतकक्षातील आपल्याच फलकावर त्यांच्या खोल्यांचे क्रमांक लावलेले होते आणि त्यांत माझ्या आरक्षणाचा क्रमांकही होता. सुट्टीत रिकाम्या होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोल्या आपण परिषदांना द्याव्यात, त्याला कोणाचीच हरकत असणार नाही. मात्र एका कुटुंबाला लेखी दिलेली, पूर्ण पैसे घेतलेली खोली काढून दुसऱ्याला देणे हा सरळ विश्वासभंग आहे.

पर्यायी म्हणून मिळालेली खोली दुसऱ्या टोकाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. लांबच्या विमान प्रवासाने पाय सुजलेले माझे वडील कठडा धरून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढत होते. प्रत्येक वळणावर थांबून ते भिंतीला टेकत आणि मागून सामान घेऊन येणाऱ्या मला ‘काही नाही, होईल’ असे म्हणत. त्यानंतर शक्य तोवर त्यांनी खाली उतरणेच टाळले. मुलगी जिथे शिकते ते विद्यापीठ, तिचे ग्रंथालय, ती रोज जाते तो रस्ता पाहायला ते आले होते, आणि त्यातले बरेचसे त्यांनी मी काढलेल्या फोटोंमधूनच पाहिले. याची भरपाई आपण कशी करणार, हे मला खरोखरच समजत नाही.

याहून गंभीर प्रकार आईच्या औषधाच्या बाबतीत घडला. त्या खोलीत फ्रीज नव्हता. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, मात्र ते गोठता कामा नये. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते, ते टाकूनच द्यावे लागते. याच कारणासाठी आईने इन्सुलिन टोचून घ्यायची सगळी पेने विमानात सामानाच्या कप्प्यात न देता हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, जपून आणली होती. आपल्या कर्मचाऱ्याने ती मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरातील फ्रीजमध्ये ठेवण्यास सांगितले. मी डब्यावर नाव, खोली क्रमांक आणि ‘औषध, हलवू नये’ असे ठळक लिहून तो मधल्या कप्प्यात ठेवला आणि त्याच कर्मचाऱ्याला दाखवलाही. दुसऱ्या दिवशी साफसफाईच्या वेळी कोणीतरी तो उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवला. डबा सापडला तेव्हा सगळी पेने गोठलेली होती. सुदैवाने आईचे वापरातले पेन तिच्या पर्समध्ये होते, म्हणून त्या दिवसाची वेळ निभावली.

परक्या देशात इन्सुलिन मिळवणे हे दुकानात जाऊन मागण्याइतके सोपे नसते. मायदेशातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथले औषध दुकान औषध देईलच असे नाही. आम्हालाही नकारच मिळाला. आधी तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्यावी लागली, आईच्या इन्सुलिनचे नेमके तिथे मिळणारे नाव शोधावे लागले, मात्रा पुन्हा तपासून घ्यावी लागली. पाहुण्यांसाठीच्या प्रवास विम्यात आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च बहुतेक वेळा धरलेला नसतो आणि आमच्या विम्यातही तो नव्हता. त्यामुळे डॉक्टरांचा व औषधाचा सगळा खर्च आमच्यावर पडला. आई मात्र त्या दिवसांत मला सारखे एकच म्हणत होती की, आम्ही आलो नसतो तर तुला एवढा त्रास झाला नसता. लेकीला भेटायला आलेल्या आईवर असे म्हणायची वेळ यावी, याचे मला अतिशय दुःख आहे आणि त्याची जबाबदारी मी आपल्या कंपनीवर ठेवते.

या प्रकारानंतर मी आई-वडिलांना माझ्या खोलीत आणले, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि माझ्या खोलीत फ्रीज आहे. ती दोघे पलंगावर झोपत आणि मी खाली गादी घालत असे. तसे मी त्याच दिवशी ई-मेलने आपल्याला कारणासह कळवले होते. त्या ई-मेलला उत्तर आले नाही. महिनाअखेरीस मात्र ‘विनापरवाना पाहुणे’ ठेवल्याबद्दल माझ्या अनामत रकमेतून दंड कापल्याचे पत्र आले. आपण खोली काढून घ्यायची, दिलेल्या खोलीत औषध सुरक्षित राहत नाही हे कळवूनही गप्प राहायचे आणि शेवटी आई-वडिलांना आसरा दिला म्हणून मुलीलाच दंड करायचा, हे कोणत्या नियमात बसते ते मला लेखी कळवावे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. कापलेला दंड पूर्णपणे रद्द करून ती रक्कम अनामतीत पुन्हा जमा करावी. रद्द केलेल्या खोलीचे भाडे परत द्यावे, कारण ठरलेली सोय आम्हाला एकही दिवस मिळालेली नाही. आईच्या उपचारावर झालेला खर्च सोबतच्या पावत्यांप्रमाणे भरून द्यावा. आरक्षण कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कारणासाठी रद्द झाले याचा लेखी खुलासा माझ्या आई-वडिलांच्या नावे पाठवावा, आणि त्यात दिलगिरी असावी.

एक मागणी माझ्या एकटीपुरती नाही. इथे शिकणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांचे आई-वडील वर्षानुवर्षे पैसे साठवून एकदाच येऊ शकतात. ज्या आरक्षणाचे पत्र व्हिसाच्या अर्जाला जोडले आहे असे विद्यार्थ्याने कळवले आहे, ते सुरक्षिततेच्या कारणाखेरीज रद्द करू नये, आणि रद्द करणे भागच पडले तर त्याच सोयींची खोली, पत्त्यासह, प्रवासाच्या पुरेशी आधी लेखी द्यावी, असा नियम आपण करावा. औषधांसाठी स्वागतकक्षात कुलूप लावता येईल असा एक लहान फ्रीज ठेवावा. याला फार खर्च येणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपल्याकडून लेखी उत्तर न आल्यास मी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे ही सर्व कागदपत्रे सादर करीन. आरक्षणाचे पत्र, रद्द केल्याचा ई-मेल, गोठलेल्या पेनांचे व फलकाचे फोटो, डॉक्टरांच्या पावत्या आणि दंडाचे पत्र यांच्या प्रती सोबत पाठवत आहे. मूळ प्रती माझ्याकडे आहेत.

आपली,
एक भाडेकरू विद्यार्थिनी