विषय : जमिनीखालील पाणीसाठ्याची टाकी वर उचलली गेल्याबाबत तक्रार

मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

घराच्या आवारात पावसाचे पाणी साठवण्यासाठी आपल्या कंपनीने पुरलेली १०,००० लिटरची प्लास्टिकची टाकी पहिल्याच मोठ्या पावसात जमिनीतून वर आली आहे. तिची एक बाजू वीतभर उचलली गेली असून छतावरून येणारा पाइप सांध्यातून निखळला आहे.

भूजल चढले की रिकाम्या टाकीला खालून किती रेटा बसतो, हे आपणांस सांगावे लागू नये. एवढी टाकी पूर्ण बुडाली तर सुमारे १० टन पाणी बाजूला सारते; तो रेटा वरचा मातीचा पातळ थर कसा रोखणार? म्हणूनच काँक्रीटचा तळ ओतून टाकी त्याला पट्ट्यांनी जखडायची असते आणि भोवती भराव घालताना आत पाणीही बरोबरीने चढवायचे असते. आपल्या माणसांनी खणून निघालेली दगडगोट्यांची मातीच परत लोटली. पट्ट्यांचे बंडल वेष्टनासकट आजही पंपाच्या खोलीत पडून आहे.

आज फोनवर आपल्या प्रतिनिधींनी विचारले, “टाकीत पाणी होते का?” मी नाही म्हणताच ते म्हणाले, “मग चूक ग्राहकाची आहे.” टाकी पावसानेच भरायची असताना पावसाआधी ती भरलेली कशी असेल, असे विचारल्यावर “टँकर मागवायचा होता,” हे उत्तर मिळाले. पट्ट्यांबद्दल विचारले, तर ते ऐच्छिक असतात म्हणे. आपल्याच माहितीपत्रकातील पट्टे बांधण्याची सूचना मी वाचून दाखवू लागले, तेव्हा मला मध्येच तोडून ते म्हणाले, “मॅडम, घरात कोणी पुरुष माणूस असेल तर त्यांना फोन द्या.” टाकीची जागा मी ठरवली, पैसे मी भरले, हमीपत्रावर सही माझी आहे. हा अपमान मी विसरणार नाही.

१०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी जवळपास १,००० लिटर पाणी मिळते. ते सध्या अंगणातून वाहून जात आहे, याचे मला फार वाईट वाटते. टाकी स्वखर्चाने बाहेर काढून तपासावी, तडा गेला असल्यास बदलून द्यावी आणि या वेळी पट्टे बांधूनच, बारीक खडीचा भराव घालून बसवावी. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन आणि वेष्टनातले ते पट्टेही तिथे हजर करीन. उत्तर लेखीच द्यावे. फोनवर मी यापुढे बोलणार नाही.

आपली ग्राहक