स्वालबार्डची सफर : जहाजावर प्रवासी किती, हे आधी विचारा

महोदय,

नॉर्वेच्या उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाला जहाजाने जाण्याचा विचार आता अनेक मराठी कुटुंबे करू लागली आहेत. जाहिरातींत केबिन, जेवण, दिवस सगळे असते. जहाजावर एकूण प्रवासी किती, हे मात्र नसते. खरे तर पहिला प्रश्न तोच हवा.

१ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला जाता येत नाही, आणि या भागांत किनाऱ्यावर उतरता येते ते नेमून दिलेल्या ४३ ठिकाणीच. द्वीपसमूहाची सुमारे दोन-तृतीयांश जमीन संरक्षित आहे, म्हणजे मोठ्या जहाजाने गेलेला माणूस बरेच काही न पाहताच परततो. २०० च्या आतही फरक पडतो. किनाऱ्यावर नेणाऱ्या फुगीर रबरी बोटीत, म्हणजे झोडियाकमध्ये, साधारण १० जण बसतात. ५० प्रवाशांना पाच फेऱ्या पुरतात, १८० जणांना १८ लागतात. तो वेळ किनाऱ्यावरच्या वेळातूनच जातो.

पांढऱ्या अस्वलाचा जवळून घेतलेला फोटो जाहिरातीत असेल तर भुलू नये. अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहणे कायद्याने बंधनकारक आहे. १ मार्च ते ३० जून हे अंतर ५०० मीटर. अस्वल याहून जवळ दिसले तर आपणच मागे हटायचे. म्हणून कॅमेऱ्याइतकीच चांगली दुर्बीण महत्त्वाची. उतरण्याआधी बंदूकधारी मार्गदर्शक सगळा परिसर पाहून घेतात आणि मगच बाकीच्यांना बोलावतात. धुके आले की अस्वल दिसणार नाही, म्हणून उतरणे रद्द होते. अशा वेळी काही प्रवासी मार्गदर्शकांशी हुज्जत घालतात, ते अगदी चुकीचे आहे.

महिना निवडताना एक अडचण आहे. जूनमध्ये उत्तर आणि पूर्व बाजूला बर्फ असतो, त्या बाजूची हिन्लोपेन सामुद्रधुनी बंद असू शकते. मुख्य बेटाला पूर्ण वळसा घालायचा तर जुलैअखेर किंवा ऑगस्ट बरा. पण याच सामुद्रधुनीतल्या आल्केफ्येले नावाच्या कड्यावर हजारो समुद्रपक्षी घरटी करतात, आणि त्यांची पिल्ले जुलैअखेरीपासून समुद्रात उड्या घेऊन निघून जातात. पूर्ण वळसा आणि पक्षी दोन्ही हमखास देऊ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मार्ग रोजचा बर्फ आणि वारा पाहून कप्तानच ठरवतो.

झोडियाकमध्ये चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवर. खलाशाचा पंजा धरायचा नाही. एकमेकांचा मनगटावरचा भाग पकडायचा, म्हणजे ओला हात निसटत नाही. आधी बोटीच्या फुगीर कडेवर पाय, मग तळावर, आणि लगेच बसायचे. उतरताना बहुधा गुडघ्याखालपर्यंत पाण्यात पाय टाकावा लागतो. गमबूट गुडघ्यापर्यंतचे हवेत, आणि जलरोधक पँट बुटांच्या बाहेर सोडायची. आत खोचली तर एका लाटेत बूट भरतो. बूट घट्ट नको. दोन मोज्यांनी आवळला तर रक्त नीट फिरत नाही आणि बोटे गारठतात. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा, भिजले की वाळत नाहीत. आतून लोकर घाला.

२००८ पासून भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र जिथे आहे, त्या नी-ऑलेसुंडला काही जहाजे थांबतात. तिथे फोनचे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते, कारण त्यांच्या लहरींमुळे वैज्ञानिक उपकरणांच्या कामात अडथळा येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक व्हिसाची. स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ओस्लोहून तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, आणि परतताना तो दुसरा प्रवेश ठरतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीची वाट अडते. किमान दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि मुख्य भूमीवरचे उपचार आहेत ना, तेही पाहा. स्वालबार्डच्या मुख्य गावाचे, लाँगयिअरब्यूनचे, रुग्णालय छोटे आहे, गंभीर रुग्णाला मुख्य भूमीवरच्या ट्रॉम्सो शहरात न्यावे लागते.

प्रवासी संख्या आणि व्हिसाचा प्रकार, या दोन गोष्टी जाहिरातीत ठळक छापण्याचा आग्रह आपल्या वृत्तपत्राने धरावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे