मोबाइल काढून घेण्याची धमकी कुणाच्या कामी येते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुले आणि सोशल मीडिया हा विषय निघाला की चर्चा हटकून एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: मोबाइल द्यावा की नाही, आणि दिला तर किती वेळ? मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. मुले माझ्याकडे येतात तेव्हा ‘किती वेळ’ हा त्यांचा प्रश्न नसतोच. ‘घरी कळलं तर काय होईल?’ हा असतो. मुलांना जाळ्यात ओढून त्यांच्या खासगी फोटोंवरून ब्लॅकमेल करणाऱ्यांचा सगळा धंदा याच भीतीवर चालतो, म्हणून हे पत्र.

‘अनोळखी माणसांशी बोलू नकोस’ एवढे सांगून आता भागत नाही, कारण समोरचा अनोळखी वाटतच नाही. तो आधी वर्गातल्या चार-पाच जणांना फॉलो करतो. त्यातल्या एकदोघांनी विनंती स्वीकारली की पुढच्या मुलाला ती जाते तेव्हा खाली त्याच्याच मित्रांची नावे दिसतात. खाते बरोबरीच्या मुलीचे, फोटो साधासुधा. थोड्या गप्पा, मग ‘दुसऱ्या ॲपवर ये’, मग तिकडून एक खासगी फोटो आणि ‘आता तुझा पाठव’. मुलाने पाठवला की काही मिनिटांत भाषा बदलते. त्याच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट त्याच्यापुढे येतो. त्यात मावशी असते, खेळाचे प्रशिक्षक असतात, वर्गातल्या मुली असतात. पैसे पाठव, नाहीतर हा फोटो या सगळ्यांना जाईल.

असा एक चॅट एका मुलाने मला दाखवला होता. त्यातले एक वाक्य डोक्यातून जात नाही: ‘तुझ्या आईला कळलं तर ती तुझा फोन कायमचा काढून घेईल. मला पैसे दे, कुणाला काही कळणार नाही.’ त्या भामट्याला या मुलाच्या घरची काहीच माहिती नव्हती. पण बहुतेक घरांत मुलांना काय बजावलेले असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. ‘काही गडबड केलीस तर मोबाइल बंद’ असे आपण म्हणतो तेव्हा मूल गडबड करायचे थांबेलच असे नाही. ती सांगायचे मात्र नक्की थांबते.

यात फक्त मुली सापडतात, हा समजही सोडायला हवा. पैशासाठी होणाऱ्या या ब्लॅकमेलमध्ये सापडणारे बहुतांश १४ ते १७ वयाचे मुलगे असतात, असे अमेरिकेची एफबीआय सांगते. यामागे संघटित टोळ्या आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये मेटा कंपनीने अशा फसवणुकीत गुंतलेली सुमारे ६३,००० इन्स्टाग्राम खाती एकट्या नायजेरियातून काढून टाकली. मुलींच्या बाबतीत अनेकदा पैशाऐवजी आणखी फोटोंची मागणी होते आणि ती महिनोन्‌महिने चालते. कधी धमकावणारा ओळखीतलाच असतो. आता तर मुलाने काही पाठवलेलेही लागत नाही. साध्या फोटोवरून एआयने नग्न चित्र तयार करता येते. त्यामुळे ‘तू पाठवलासच का?’ हा प्रश्न क्रूर तर आहेच, पण कधी कधी सरळ चुकीचाही असतो.

कंपन्यांनी काहीच केलेले नाही, असे मी म्हणणार नाही. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ पासून किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. ती मुळातच खासगी असतात, ओळखीबाहेरच्यांना मेसेज पाठवता येत नाही आणि १६ वर्षांखालील मुलांना ही बंधने सैल करायची असतील तर पालकांची परवानगी लागते. पण हे सारे मुख्यतः उभे आहे खात्यात भरलेल्या जन्मतारखेवर. खाते उघडायला तेरा वर्षांची अट आली ती १९९८ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे. तेरापेक्षा लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, एवढाच त्याचा रोख होता. तेराव्या वर्षी मूल या जगासाठी तयार होते, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. दहाव्या वर्षी ‘मी तेरा’ असे सांगून खाते उघडणारी मुले घरोघरी आहेत, आणि पुष्कळदा ती तारीख मोठ्यांनीच भरून दिलेली असते. असे मूल पंधरा वर्षांचे होते तेव्हा खात्याच्या हिशेबी ते अठरा पूर्ण झालेले असते. म्हणजे ज्या वयात संरक्षण सर्वांत जास्त लागते, त्याच वयात ते निघून जाते. पालकांनी मुलाला शेजारी बसवून, न रागावता, ही एक तारीख आधी तपासावी आणि दुरुस्त करावी.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर बंदी आणली. दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही, ही त्यातली मला पटलेली गोष्ट. तरीही लपूनछपून खाते चालवणाऱ्या मुलाकडे अडचण लपवण्याचे आणखी एक कारण जमा होते. कायदा कुठलाही येवो, त्या मुलाला घरात बोलता आले पाहिजे.

आणि मूल बोललेच, तर पहिले वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हे असावे. पैसे अजिबात देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. घाबरून चॅट किंवा खाते डिलीट करू नये. धमकीचे मेसेज आणि समोरच्या खात्याचे नाव यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, त्या ॲपवर तक्रार नोंदवावी, मग ब्लॉक करावे आणि पोलिसांकडे जावे. मूळ फोटो मात्र मदत मागण्यासाठीसुद्धा कुणाला पुढे पाठवू नये. त्या रात्री मुलाला एकटे झोपवू नये. अशा धमकीनंतर काही तासांत मुलांनी जीव दिल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

फोटो पसरण्याच्या भीतीवरही उपाय आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाऊन’ ही सेवा २०२३ पासून सुरू आहे. अठरा वर्षांच्या आतला फोटो असेल तर ती कुठल्याही देशातून, मोफत आणि नाव न सांगता वापरता येते. फोटो स्वतःच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्यापासून बोटांच्या ठशासारखा एक सांकेतिक क्रमांक तयार होतो आणि फक्त तो क्रमांक कंपन्यांकडे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट या सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढू शकतात. सहभागी नसलेल्या ठिकाणी किंवा कूटबद्ध (फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येणाऱ्या) खासगी मेसेजमध्ये त्याचा उपयोग होत नाही. तरीही ‘आता सगळं संपलं’ म्हणणाऱ्या मुलाला हा एवढा आधार पुष्कळ सावरतो, हे मी समोर बसून पाहिले आहे.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की या सेवेची माहिती आणि पोलिसांत तक्रार करण्याची पद्धत पालकांच्या पुरवणीत न देता मुले वाचतात त्या पानावर, थेट त्यांना उद्देशून छापावी. शाळांना ते कात्रण सूचनाफलकावर लावता येईल.

आपली विश्वासू,
एक शालेय समुपदेशक